मूळानुसार छापलेले: एका द्विशिक्षकी शाळेचे संकेतस्थळ

प्राथमिक शाळांची संकेतस्थळे पाहण्याचा मला छंद आहे आणि या छंदात आजवर पदरी निराशाच अधिक पडली आहे, हे आधीच सांगून टाकते. पान उघडावे तर वरच्या बाजूस उजवीकडून डावीकडे सरकणारी अक्षरे ‘सहर्ष स्वागत’ करीत असतात. त्याखाली शाळेची इमारत, शाळेचा 11 अंकी यू-डायस क्रमांक, शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांची यादी, शासननिर्णयांच्या पीडीएफ फायलींची लांबलचक रांग आणि कोणा अधिकाऱ्यांच्या हस्ते झालेल्या वृक्षारोपणाची छायाचित्रे असतात. मुले शोधावी लागतात. ती बहुधा प्रजासत्ताक दिनाच्या छायाचित्रात मागच्या रांगेत उभी असतात आणि पुढच्या खुर्च्यांवर पाहुणे बसलेले असतात. या स्थळावर मुलांचे म्हणून काय आहे, असे कोणी विचारलेच तर ‘विद्यार्थीसंख्या’ या शीर्षकाखालच्या तक्त्याकडे बोट दाखवावे लागेल.

त्यामुळे माझ्या भाच्याने हरिश्चंद्रगडाहून परतताना एका शाळेच्या संकेतस्थळाची लिंक पाठवली, तेव्हा मी ती दोन दिवस उघडलीही नाही. उघडली त्या दुपारी कुकर लावायचा राहून गेला.

ही शाळा अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या कण्याला लागून असलेल्या पश्चिम भागात आहे. शाळा जिल्हा परिषदेची, वर्ग पहिली ते चौथी, शिक्षक दोन. शाळेचे आणि गावाचे नाव मी येथे देणार नाही. परीक्षणात असे करणे विचित्र दिसते, हे मान्य आहे. परंतु त्या पानांवर लहान मुलांची नावे आहेत आणि काही जुनी पाने अशी आहेत, की तेथे अनोळखी लोकांची वर्दळ वाढवणे मला योग्य वाटत नाही. त्याबद्दल पुढे लिहितेच.

पहिल्या पानावर स्वागत नाही, बोधवाक्य नाही आणि मुख्याध्यापकांचे मनोगतही नाही. तेथे एका मुलाने किंवा मुलीने केलेली एकच गोष्ट असते आणि ती साधारण आठवड्याने बदलते. मी प्रथम पाहिले तेव्हा दुसरीतल्या एका मुलीने काढलेली शेळी तेथे होती. शेळीला पाच पाय होते आणि खाली पेन्सिलीने खुलासा केलेला होता, की पाचवा पाय पिल्लाचा आहे; पिल्लू आईच्या पलीकडे उभे असल्यामुळे त्याचे बाकीचे अंग दिसत नाही. हा पाय खोडायला सांगण्याचा मोह कोणत्याही मोठ्या माणसाला झाला असता. तो येथे कोणाला झाला नाही किंवा झाला असल्यास आवरला गेला, एवढ्यावरूनच या स्थळाबद्दल माझे अर्धे मत बनले. चित्राखाली पाच साधे दुवे आहेत: आमचे लेखन, आमची चित्रे, शब्दपेटी, आम्ही केलेली गणिते आणि ऐका. यू-डायस क्रमांक आणि समितीची यादी अगदी तळाशी ‘शाळेविषयी’ या पानावर आहे. ज्याला हवी त्याला ती सापडते.

आता ‘आमचे लेखन’ या विभागाविषयी, कारण तेथे माझा धंदा मध्ये येतो. मी आधी एका छापखान्यात आणि नंतर एका प्रकाशनाकडे अशी मिळून 31 वर्षे मुद्रितशोधनाचे काम केले. चुकीची वेलांटी मला अजूनही डोळ्यात कुसळ गेल्यासारखी खुपते. दुकानांच्या पाट्या वाचत चालले, की माझ्याबरोबर फिरायला कोणी येत नाही. तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या मुलांचे न तपासलेले लेखन वाचताना मला त्रास होणार, असे मी गृहीत धरले होते. तसे झाले नाही, आणि त्याचे श्रेय या विभागाच्या मांडणीला आहे. प्रत्येक लेखन येथे दोनदा दिसते. वर वहीच्या पानाचे छायाचित्र असते. त्यात उतरत गेलेल्या ओळी, थुंकी लावून खोडल्यामुळे पडलेले भोक, कोपऱ्यातला तेलाचा डाग असे सगळे आहे. लाल शाई मात्र कोठेही नाही. खाली तोच मजकूर टंकलिखित केलेला असतो आणि त्यात शिक्षकांनी एकच मर्यादा पाळली आहे: वेलांट्या-उकार नियमाप्रमाणे केले आहेत, शब्दांना हात लावलेला नाही. मुलाने ‘पाणि’ लिहिले असेल, तर खाली ‘पाणी’ आहे आणि ‘आणी’ लिहिले असेल, तर ‘आणि’. पण ‘व्हता’ हे ‘व्हता’च राहते, ‘आजा’चा आजोबा होत नाही आणि ‘लई’ची जागा ‘खूप’ घेत नाही.

मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक 18 नियमांवर आमच्या पिढीच्या मुद्रितशोधकांचा पोटाचा धंदा चालला. त्यांतला एक नियम बाहेरच्या जगाला फारसा ठाऊक नसतो: केशवसुतांच्या पूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पूर्वीचे गद्य छापताना ते मूळानुसार छापावे, असे तो सांगतो. म्हणजे तुकोबांच्या वेलांटीला आम्ही हात लावायचा नाही. चिपळूणकरांच्या आणि त्यांच्यानंतरच्या मात्र सर्वांच्या लेखनाला लावायचा. या शाळेने त्या नियमात आपल्यापुरती दुसरीच्या वर्गाची भर घातली आहे, असे मला वाचताना वाटले. वरचे छायाचित्र मूळानुसार आणि खालचे टंकलेखन नियमानुसार, ही जोडणी मोठमोठ्या प्रकाशनांनाही नेहमी साधत नाही. येथे मूल वाचकासमोर अडाणी ठरत नाही आणि वाचकाला मुलाचा हातही दिसत राहतो.

हे स्थळ पहिल्यापासून असे नव्हते. जुन्या पानांवर छायाचित्र आणि टंकलेखन शेजारी ठेवून वाचले, की सुरुवातीच्या वर्षभरात मजकुरावर इस्त्री फिरलेली दिसते. तिसरीतल्या एका मुलाने आपल्या आज्याचा बैल पावसात मेला त्या दिवसाबद्दल लिहिले आहे. वहीतल्या पानावर आजा दिवसभर रिकाम्या गोठ्यात बसून राहतो, कोणाशी बोलत नाही आणि रात्री उठून दोन भाकरी खातो. तेथे लेखन संपते. खालच्या टंकलेखनात आजोबांना अतिशय दुःख झालेले आहे, बैल हा शेतकऱ्याचा मित्र असल्याचे एक वाक्य आले आहे आणि भाकरी गेल्या आहेत. मुलाने दुःख हा शब्द लिहिलाच नव्हता. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचले, कारण मी स्वतः तीन दशके लेखकांच्या अशा किती भाकरी काढून टाकल्या असतील, याचा हिशेब लागेना. वर्षभराने ही इस्त्री एकाएकी थांबली आहे. का थांबली, हे कोठे लिहिलेले नाही. जुनी पाने मात्र होती तशी ठेवलेली आहेत. ती गुपचूप दुरुस्त करता आली असती किंवा काढून टाकता आली असती. तसे केलेले नाही, म्हणूनच वाचकाला शिक्षकही शिकत गेलेले दिसतात.

सगळेच लेखन या पातळीचे आहे, असा गैरसमज करून घेऊ नये. सुमारे तिसरा हिस्सा अजूनही ‘पावसाळा’, ‘माझी आई’ आणि ‘माझा आवडता नेता’ यांचाच आहे, आणि त्यांत बेडूक डराव डराव करतात, आई पहाटे लवकर उठते आणि नेते थोर असतात. ही वाक्ये मुलांची नाहीत. ती पिढ्यान्‌पिढ्या फळ्यावरून वहीत उतरत आलेली आहेत आणि आईचे नाव बदलले तरी निबंध तोच राहतो. याउलट जेथे विषयच असा दिला आहे, की त्याचे उत्तर फळ्यावर मिळणार नाही, तेथे मुले लिहू लागतात. घरात न सापडणारी वस्तू, शाळेत येताना वाटेत कोणकोण भेटले, पत्रा उडाला ती रात्र, असे ते विषय आहेत. वाटेवर भेटणाऱ्यांच्या एका यादीत दोन चुलत्या, एक साप, पुन्हा त्यातलीच एक चुलती आणि शेवटी गुरुजी असा क्रम आहे. साप आणि दुसऱ्यांदा भेटलेली चुलती यांच्या दरम्यान काय घडले असावे, हे वाचकाने ठरवायचे.

चित्रांच्या विभागातही हाच भेद दिसतो. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधोमध उगवणारा सूर्य, डोंगरातून निघून थेट कागदाच्या काठापर्यंत येणारी नदी, एक कौलारू घर आणि एक नारळाचे झाड हे चित्र आपल्यापैकी प्रत्येकाने काढलेले आहे; मीही काढले आहे. या शाळेच्या जुन्या पानांवर अशी चित्रे डझनांनी आहेत आणि त्यांतला नारळ विशेष गमतीचा आहे, कारण या डोंगराळ, भातशेतीच्या मुलखात तो सहसा दिसत नाही. मग केव्हातरी ‘दारातून दिसणारा डोंगर’ असा विषय दिलेला आहे आणि त्या एका पानावर त्रिकोण मोडले आहेत. सह्याद्रीचे डोंगर लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेले आहेत, त्यामुळे त्यांचे माथे पुष्कळदा सपाट आणि कडे पायऱ्या-पायऱ्यांचे असतात. मुलांनी भूगोल वाचून हे काढलेले नाही. दारात बसून जे दिसले ते काढले, तर ते असेच निघते. कळसूबाई हे 1646 मीटर उंचीचे राज्यातले सर्वोच्च शिखर याच तालुक्याच्या सीमेवर आहे; एका मुलाने काढलेल्या कळसूबाईवर लोखंडी शिड्या डोंगराहून मोठ्या झाल्या आहेत, कारण त्याला त्या चढण्याची भीती वाटली होती, असे खाली नमूद आहे. रतनगडाचे नेढे, म्हणजे कड्याला आरपार पडलेले भोक, एका मुलीने आधी काढून डोंगर त्याच्याभोवती नंतर बसवला आहे. भंडारदरा धरणाच्या पाण्याकाठी जिचे घर आहे, तिच्या चित्रात डोंगर फक्त पाण्यात आणि उलटा आहे.

काजव्यांच्या चित्रांचे स्वतंत्र पान आहे. भंडारदऱ्याच्या परिसरात पावसाळ्याच्या तोंडावर काजव्यांनी लगडलेली झाडे पाहायला शहरांतून माणसे लोटतात. मुलांच्या कागदावर काळा अंधार, त्यात पिवळे ठिपके आणि खालच्या बाजूला गाड्यांची रांग आहे. एका चित्रात काळा खडू संपल्यामुळे अर्धा अंधार निळा आहे. गाड्यांचे पुढचे दिवे काजव्यांहून कितीतरी मोठे रंगवलेले आहेत आणि दोन गाड्यांवर मन लावून क्रमांक लिहिले आहेत: एम एच 12 आणि एम एच 04. पुण्याची वाचक म्हणून मी पहिल्या क्रमांकाकडे जरा जास्त वेळ पाहिले.

या संकेतस्थळाचा सर्वांत संपन्न विभाग कोणता, असे विचारले तर मी शब्दपेटीचे नाव घेईन. परिसरातले साठेक शब्द, प्रत्येकाचे चित्र आणि मुलांनी आपल्या शब्दांत सांगितलेला अर्थ, असे तिचे स्वरूप आहे. राब, खाचर, चिखलणी, आवणी, इरले, बाळहिरडा, बोहाडा हे शब्द भातशेतीच्या आणि डोंगरातल्या माणसांना रोजचे आहेत. शहरी वाचकाला त्यांतले निम्मे समजावून घ्यावे लागतील. राब म्हणजे भाताचे रोप टाकण्यापूर्वी जमिनीच्या तुकड्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून तो भाजणे, हे कोशातही मिळते. पण त्या दिवशी चपला घालूनही तेथे जायचे नसते, कारण तळ वितळतात, ही माहिती तिसरीतल्या मुलाची आहे. रोपे उपटून खाचरात, म्हणजे बांध घातलेल्या भाताच्या शेतात, लावण्याच्या आवणीबद्दल एका मुलीने सांगितले आहे, की ती वाकून करायची असते, ती करताना बाया गाणी म्हणतात आणि संध्याकाळी आईचे पाय पांढरे होतात. तेथून पेटीत पुढचा शब्द आला आहे ‘चिखल्या’. सतत पाण्यात आणि चिखलात राहून बोटांच्या बेचक्यांत पडणाऱ्या त्या जखमांचे चित्र फारच हुबेहूब आहे. बाळहिरडा, म्हणजे पिकण्यापूर्वी झाडावरून काढून वाळवलेला कोवळा हिरडा, औषधांसाठी विकला जातो आणि या भागातल्या कित्येक घरांना उन्हाळ्यात रोख पैसा त्यातूनच मिळतो. पेटीत त्याचा अर्थ सांगणाऱ्या मुलाने ज्या वर्षी हिरडा चांगला झाला, त्या वर्षी सायकल आली, एवढेच लिहिले आहे. देवादैत्यांचे मुखवटे घालून रात्रभर नाचण्याच्या बोहाड्याचा अर्थ असा दिला आहे, की चुलता रात्री रावण होतो आणि सकाळी गाई सोडायला जातो.

कोश मी पुष्कळ हाताळले आहेत आणि त्यांच्या नेमकेपणाबद्दल मला आदर आहे. तरी शब्द वापरणारा माणूस व्याख्येत असा उभा राहिलेला क्वचित पाहिला. ‘इरले’ हा शब्द पेटीत दोनदा आला आहे. पाठीवर घ्यायचे हे पावसाळी झाकण एका मुलाने आज्याची वस्तू म्हणून सांगितले आहे आणि दुसऱ्याने भिंतीवर टांगलेली, आत उंदीर राहतो ती वस्तू म्हणून. संपादकाच्या सवयीने मी दोहोंपैकी एक काढून टाकला असता. येथे दोन्ही ठेवले आहेत, आणि इरले वापरातून कसे जात चालले आहे, हे त्या दोन नोंदींच्या मधल्या फटीत कळते.

पेटीत उणिवाही आहेत आणि त्या दुरुस्त करता येण्याजोग्या आहेत. शब्द अकारविल्हे लावलेले नाहीत; जसे आले तसे टाकले आहेत, त्यामुळे विशिष्ट शब्द शोधायचा तर खालपर्यंत जावे लागते. त्याहून मोठी उणीव अशी, की या भागात महादेव कोळी आणि ठाकर अशा वेगवेगळ्या समाजांची वस्ती आहे, त्यांच्या बोलीही अगदी एकसारख्या नाहीत आणि कोणता शब्द कोणाच्या घरातून आला, याचा पेटीत पत्ता लागत नाही. एखाद्या अभ्यासकाला ही पेटी उद्या फार मोलाची वाटेल. त्याला पहिला प्रश्न हाच पडेल. मुलाच्या नावाऐवजी वाडीचा उल्लेख केला तरी काम भागेल.

गणितांचा विभाग लहान आहे, पण तो पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. येथे मुलांनी स्वतः रचलेली उदाहरणे आहेत. पाठ्यपुस्तकातली माणसे साठ सफरचंदे विकत घेतात. येथली माणसे हिरडा विकतात. घरी मोजला तेव्हा 12 किलो भरलेला हिरडा व्यापाऱ्याच्या काट्यावर 11 किलो भरला, तर किती किलो कमी झाला आणि तो कोणी खाल्ला, असे चौथीतल्या एका मुलीचे उदाहरण आहे. उत्तरे दोन ओळींत दिली आहेत: पहिल्या ओळीत 1 किलो, दुसऱ्या ओळीत काटा. ‘ऐका’ या विभागात पाच ध्वनिमुद्रणे आहेत. त्यांतली तीन वाऱ्याने आणि कोंबड्यांनी व्यापलेली आहेत, एक कविता धापा टाकत म्हटलेली आहे आणि आवणीच्या गाण्याचे एक मुद्रण खरोखर चांगले आहे, जरी मध्येच कोणाचा तरी मोबाइल वाजतो.

मुलांचे लेखन प्रकाशित करणे ही काही इंटरनेटने आणलेली नवलाई नव्हे. आपल्याकडे भित्तिपत्रके होती आणि शाळाशाळांची हस्तलिखिते होती. रंगीत कागदाच्या वेष्टनात शिवलेली त्यांची एकुलती एक प्रत स्नेहसंमेलनाच्या दिवशी टेबलावर ठेवली जायची आणि दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या कपाटात जायची. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने या खेड्यातल्या शिक्षकाने 1924 च्या सुमारास वर्गात एक छोटे छपाईयंत्रच आणून ठेवले. मुले आपला मजकूर स्वतः खिळे, म्हणजे छपाईच्या अक्षरांचे ठसे, जुळवून छापत आणि ती पाने दुसऱ्या गावांतल्या शाळांना पाठवून त्यांची पाने मागवत. छापखान्यात आयुष्य गेल्यामुळे मला हा माणूस फार जवळचा वाटतो. खिळा उचलून उलटा वाचावा लागतो, तेव्हा प्रत्येक अक्षराची किंमत कळते आणि आपले लिहिणे कोणीतरी लांबचा माणूस वाचणार आहे, ही जाणीव हाताला शाई लागल्यावर जितकी पक्की होते, तितकी वही गुरुजींकडे दिल्याने होत नाही. आपल्या ‘बालभारती’ने 1971 पासून ‘किशोर’ मासिक चालवले आहे आणि त्याचे जुने अंकही आता इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. त्याचे मोल मोठे आहे, पण त्यातला बहुतेक मजकूर मोठ्यांनी मुलांसाठी लिहिलेला आहे. मुलांनी मुलांसाठी लिहिलेले, लांबच्या वाचकापर्यंत सहज पोहोचणारे असे पान हवे असेल, तर ते शाळेच्या संकेतस्थळावरच मिळू शकते. या शाळेत फ्रेनेची अदलाबदलही थोडी सुरू झालेली दिसते: समुद्रकाठच्या एका शाळेने पाठवलेली माशांची चित्रे एका पानावर आहेत आणि त्यांना उत्तर म्हणून येथल्या मुलांनी खेकडे पाठवले आहेत, डोंगरातले.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगते. स्थळ एका विनामूल्य ब्लॉगसेवेवर उभारलेले आहे, पार्श्वभूमी पांढरी आहे, सरकणारे, लुकलुकणारे किंवा आपोआप वाजू लागणारे काही नाही. छायाचित्रे आधी लहान करून चढवलेली असल्यामुळे डोंगरातल्या अधूनमधून गुल होणाऱ्या नेटवर्कवरही पान उघडते. ज्यांच्या पालकांकडे स्वस्तातला एकच फोन आहे, त्यांना आपल्या मुलीची शेळी दिसावी, याचा विचार त्यामागे असावा. अरविंद गुप्ता यांच्या खेळणी आणि पुस्तकांच्या संकेतस्थळाने साध्या पानांवर किती मोठे भांडार उभे राहू शकते, हे फार पूर्वीच दाखवून दिले आहे. तरी शाळांना अजून नक्षीचाच मोह सुटत नाही. मजकूर युनिकोडमध्ये आहे, ही गोष्ट किरकोळ समजू नये. कित्येक शाळांनी जुन्या फाँटमध्ये टंकलिखित केलेला मजकूर तसाच चढवल्यामुळे पानावर निरर्थक रोमन अक्षरांचा खच पडलेला दिसतो किंवा मग सगळा मजकूर चित्र म्हणून चिकटवलेला असतो आणि शोधयंत्राला तो सापडत नाही. येथे ‘चिखल्या’ हा शब्द शोधला तर पान सापडते.

आता ज्या कारणाने शाळेचे नाव दिले नाही, त्याकडे येते. सुरुवातीच्या पानांवर मुलांची पूर्ण नावे, इयत्ता आणि समोरून काढलेली छायाचित्रे एकत्र आहेत. गाव लहान, वाड्या मोजक्या. एवढ्या माहितीवर कोणते मूल कोठे राहते, हे कोणालाही शोधता येईल. वैयक्तिक विदासंरक्षणाचा 2023 सालचा कायदा 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. कायदा बाजूला ठेवला तरी, आठव्या वर्षी काढलेला बैल आणि रडका चेहरा अठराव्या वर्षी आपल्या नावाने सापडावा असे त्या मुलाला वाटेल का, हा प्रश्न उरतोच. अलीकडच्या पानांवर ही चूक सुधारलेली आहे: फक्त पहिले नाव आणि इयत्ता असते आणि छायाचित्रांत चेहऱ्यांऐवजी हात असतात. खडू धरलेले, माती मळणारे, पाटीवर रेघ ओढणारे हे हात पाहताना काही हरवल्यासारखे वाटत नाही. जुनी पाने मात्र तशीच आहेत. बैलाचे टंकलेखन जुने ठेवण्यात प्रामाणिकपणा आहे असे मी वर म्हटले. चेहरे आणि आडनावे ठेवण्यात तो नाही, तेथे हात चालवायलाच हवा. मी तसे शिक्षकांना कळवले आहे.

दुसरी तक्रार पहिलीच्या वर्गाची. पहिलीतली मुले या स्थळावर जवळजवळ नाहीतच, बहुधा त्यांना अजून लिहिता येत नाही म्हणून. पण ती बोलतात, आणि बोललेले मोठ्या मुलांना उतरवून घेता येईल. तिसरी तक्रार लहान आहे: गेल्या काही महिन्यांत ‘भेटी’ नावाचा एक नवा दुवा उगवला आहे आणि त्यात अभिप्राय-वहीतल्या पाहुण्यांच्या नोंदी टाकल्या जात आहेत. स्थळाची कीर्ती केंद्रप्रमुखांच्याही वर पोहोचली असावी. या दुव्याला मी मुळीच खतपाणी घालणार नाही.

टिकाऊपणाची काळजी मात्र खरी आहे. असे ब्लॉग बहुतेक ठिकाणी शिक्षकाच्या वैयक्तिक खात्यावर उघडलेले असतात, जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या होतात, आणि शिक्षक गेला की स्थळ जेथल्या तेथे गोठते. सेवा देणारी कंपनीच दुकान बंद करते, असेही घडते; जिओसिटीज ही वैयक्तिक संकेतस्थळांची सेवा 2009 मध्ये बंद झाली तेव्हा हौशी माणसांची असंख्य पाने त्याबरोबर जाण्याच्या बेतात होती आणि त्यांतली जी वाचली, ती स्वयंसेवकांनी धावपळ करून नक्कल करून ठेवली म्हणून. खाते शाळेच्या नावाने काढावे, पाने इंटरनेट अर्काइव्हमध्ये जतन करावीत आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन त्याच कपाटात ठेवावी, जेथे पूर्वी हस्तलिखिते ठेवत असत. हेही मी कळवले आहे. उत्तर आले, की कपाटाची किल्ली आधी सापडायला हवी.

वाचकांनी आपापल्या तालुक्यातल्या शाळांची स्थळे उघडून पाहावीत. सरकत्या अक्षरांच्या गर्दीत असे एखादे निघेल. आणि ते भातशेतीच्या मुलखातले असेल, तर जुलैत तेथे काही नवे आले नाही म्हणून ते बंद पडले असे समजू नये. आवणी सुरू झाली, की वर्गात हजेरी निम्मी होते आणि पहिल्या पानावरचे चित्र महिनाभर तेच राहते. या शाळेच्या स्थळावर गेल्या पावसाळ्यात आवणीनंतर आलेले पहिले पान चिखल्यांवरच्या उपायाचे होते. वाटलेली मेंदी लावून भिंतीला टेकवलेले आठ जणांचे सोळा तळवे, लहानमोठे, एका ओळीत. नावे एकाचीही नाहीत.